पत्र्यावरचे दगड

पाळण्यातून लेकीला उचलायचं, मधल्या खोलीचा उंबरा ओलांडायचा, ओसरीतल्या पोत्यांना वळसा घालायचा, तीन पायऱ्या उतरायच्या आणि अंगणाच्या बरोबर मधोमध, जिथं कोणतीही भिंत पडली तरी पोचणार नाही, तिथं जाऊन उभं राहायचं. पहिल्या दिवशी कोमलला याला चौदा सेकंद लागले. पोती बाजूला सरकवून घेतल्यावर अकरा. पायात चपला घालायचा नाद सोडला तेव्हा नऊ. नवाच्या खाली मात्र काही केल्या येईना.

ईश्वरी आठ महिन्यांची. आईनं दिवसातून चारदा आपल्याला उचलून पळावं हा तिला मोठाच खेळ वाटे. अंगणात पोचलं की ती खिदळायची आणि पुन्हा चल म्हणून घराकडं अंग टाकायची.

"काय शर्यत लावून राहिली का?" शालूबाई सुपात तुरीची डाळ पाखडता पाखडता सुनेला म्हणाली. "लेकराच्या पोटातलं दूध घुसळून निघंल ना."

"सवय पाहिजे, आत्या. वेळ आली की डोकं चालत नसतं, पाय चालतात."

"पाय चालून जानार कुठं? अंगनात? अंगन काय दुसऱ्या धरतीवर हाय?"

कोमलनं लेकीला परत पाळण्यात टाकलं. सासूशी वाद घालायचा तर भुईच्या पोटात काय चाललंय ते पहिल्यापासून सांगावं लागलं असतं, आणि शालूबाईला एवढा वेळ ऐकवणारं माणूस त्या घरात अजून जन्मलं नव्हतं.

आमळवाडी हे सेनगाव तालुक्यातलं दीडशे उंबऱ्यांचं गाव. गेली पाच-सहा वर्षं गावाखालून मधूनच गुडगुड आवाज येई. लांब कुठं रिकामी ट्रॉली दगडांवरून जावी तसा. पहिल्यांदा लोक घाबरून देवळापाशी जमले होते. मग साहेब लोक आले, यंत्र ठेवून गेले, यंत्र घेऊन गेले, आणि गावानं तो आवाज आपल्या रोजच्या आवाजांत घेतला. शेजारची भिकाबाई म्हणायची, "धरनीमायला अजीर्ण झालंय बाई. ओवा द्या कोनी तिला."

पण मागच्या गुरुवारी सकाळी सहा वाजून गेल्यावर नुसता आवाज आला नाही. मांडणीवरचे डबे एकमेकांवर आपटले, ताटं घरंगळत चुलीपर्यंत आली. कोमल तेव्हा चहाचं आधण ठेवत होती. तिनं वळून बघितलं तर पाळणा हलत होता. कोणी दोरी ओढलेली नव्हती. ईश्वरी आत गाढ झोपलेली, आणि पाळणा आपला संथ लयीत, कोणीतरी कौतुकानं झोके द्यावेत तसा, पुढे-मागे, पुढे-मागे. त्या दिवसापासून कोमलची झोप गेली.

कोमल हिंगोलीची. वडील शाळेत कारकून. तिनं भूगोल घेऊन बी.ए. केलं होतं, आणि भूकंपाच्या लहरी हा तिचा आवडता धडा होता. प्रात्यक्षिक परीक्षेत त्यांच्या आलेखावर पट्टी लावून भूकंप कुठं झाला ते काढायचं असे. तिला चाळीसपैकी अडतीस मिळाले होते. तेव्हा ते सगळं जपानातलं नाहीतर तुर्कस्तानातलं असायचं. आता ते चुलीपर्यंत आलं होतं.

संध्याकाळी ओसरीत बसून तिनं नवऱ्याला, माऊलीला, समजावून सांगितलं होतं. जमिनीच्या पोटात खडकावर ताण साचत जातो. एक दिवस खडक भेगेवरून सटकतो. तिथून लहरी निघतात, दोन जातींच्या. पहिली जात धक्का मारत येते. रेल्वेचं इंजिन मागच्या डब्याला ढकलतं, तो डबा त्याच्या मागच्याला, तसा खडक खडकाला पुढं ढकलतो. ही पळायला चपळ. ती वर आली की तिचाच गुडगुड आवाज ऐकू येतो. तिच्या मागून दुसरी येते, दोरीला झटका दिल्यावर दोरी जशी वळवळते तशी, आडवी हलवत. ही पळायला मंद पण ताकदीनं वाईट. भिंती पाडते ती हीच.

"म्हंजे पहिली दवंडी देती आन दुसरी घर लुटती," माऊली म्हणाला होता.

"हो. बरोबर. म्हणून आवाज आला की निघायचं. दोघींच्या मधला वेळ आपला."

"किती वेळ?"

"ते भूकंप किती लांब झाला त्यावर आहे. जेवढे सेकंद मध्ये जातील त्याला आठानं गुणायचं, तेवढे किलोमीटर. ऐंशी किलोमीटरवर झाला तर दहा सेकंद मिळतात."

दहा सेकंद. म्हणून ती नवाच्या खाली यायला धडपडत होती.

पुढच्या शुक्रवारी सकाळी धरणी परत हलली. कोमल पाळण्यापासून तीन पावलांवर लंगोट घडी करत होती. तिच्या मनात मोजणी तयारच होती: आवाज ऐकला की 'एक' म्हणायचं आणि उचलायचं. गुडगुड आली. तिचा 'ए' ओठावर आला, आणि तो पुरा व्हायच्या आत भिंतीला झटका बसला, वरचा पत्रा खडखडला, आणि सगळं थांबलं. लंगोट हातातच होता. एक पाऊलसुद्धा उचललेलं नव्हतं.

दुपारी लेकरू झोपल्यावर तिनं जुन्या वहीच्या पाठीमागं हिशेब मांडला. सव्वा सेकंद धरा. गुणिले आठ. दहा किलोमीटर. आणि हे दहा किलोमीटर औंढ्याकडं नाही की कळमनुरीकडं नाही. विहीर खणत जावी तसे सरळ खाली. जो भूकंप त्यांना मारणार होता तो त्यांच्याच घराच्या पायाखाली बसलेला होता, आणि तो निघाल्याची वर्दी त्याच्याबरोबरच येणार होती. नऊ सेकंदांचा काही उपयोग नव्हता. पाचाचासुद्धा नव्हता.

तिनं पेन खाली ठेवलं आणि वर बघितलं.

घराच्या भिंती दीड हात जाड, दगड आणि पांढऱ्या मातीच्या. वर बाभळीचे वासे, वाशांवर पत्रे, आणि वाऱ्यानं उडू नयेत म्हणून पत्र्यांवर दगड. आमळवाडीत ज्याचं घर पत्र्याचं त्याच्या पत्र्यावर दगड असतातच. त्याशिवाय घर पुरं झालं असं कोणी म्हणत नाही. काही नारळाएवढे, काही पाट्याएवढे, आणि पाळण्याच्या बरोबर वर, गिरणी आल्यावर निकामी झालेल्या जात्याची वरची तळी. कोमलनं अंगणातून टाचा उंचावून मोजले. सगळे मिळून एकेचाळीस. मधल्या खोलीवर चौदा.

दोन दिवसांनी तलाठ्यानं भोंग्यावरून सांगितलंच. भूकंपाचे धक्के बसत आहेत, नागरिकांनी घाबरू नये, घरांच्या पत्र्यांवर ठेवलेले दगड तातडीनं काढून घ्यावेत. भोंगा तीनदा बोलला. गावानं तीनदा ऐकलं आणि एकही शिडी हलली नाही.

"दगड काढा म्हंतो," शालूबाई फणकारली. "मंग वारं सुटलं की तलाठी येऊन पत्रे धरून बसनार हाय का? त्याचं सोताचं घर स्लॅबचं!"

"आत्या, जात्याची तळी बरोबर ईश्वरीच्या डोक्यावर आहे."

"तीस वर्सं झाली ती तिथं हाय. तुझा नवरा तिच्याखालीच रांगला. त्याला काय झालं?"

"झालं न्हाई कसं?" भिकाबाई कुडावरून म्हणाली. "तवापासून डोकं जड हाय त्याचं. लग्नात उखाना आठवला न्हाई."

माऊली हसला. कोमलला हसू आलं नाही. ती म्हणाली, "मी आजपासून लेकरू घेऊन अंगणात झोपते." आणि चार दिवस झोपली. पाचव्या दिवशी अंथरुणाजवळ विंचू निघाला. दिवसभर ऊन असं की झाडाखालीसुद्धा जमीन चटके देई. लेकरू तापलं, अंगावर घामोळं उठलं. सहाव्या दिवशी ती गुपचूप आत आली आणि पाळणा भिंतीपासून हातभर लांब बांधला. आता पाळण्याच्या वर जात्याऐवजी दुसरा एक काळा वाटोळा खडक आला होता.

हे सगळं सासरे, व्यंकटराव, बाजेवर बसून बघत होते. बोलणारं माणूस नव्हे ते. पंचवीस वर्षांचे असताना किल्लारीला भूकंप झाला, तेव्हा गावातल्या पोरांबरोबर भाकरीची गाठोडी घेऊन टेम्पोत बसून गेले होते. भाकरी वाटायला गेलेली पोरं सात दिवस दगड उपसत राहिली. परत आल्यावर व्यंकटरावांनी तिथलं एक अक्षर घरात सांगितलं नाही. शालूबाईलाही एवढंच ठाऊक, की त्यानंतर महिनाभर हा माणूस हात धुतच राहायचा.

कोमल आत आली त्याच्या दुसऱ्या सकाळी ते उठले, गोठ्यातून शिडी काढली आणि घराला लावली.

"काय करून राहिलात?" शालूबाई ओरडली.

"दगड उतरवतो."

"आन वारं?"

"वाऱ्याचं सुनबाईला इचार. तिनं शिकून ठेवलंय."

असं म्हणताना त्यांनी कोमलकडं बघितलं, आणि तीन वर्षांत पहिल्यांदाच तिला वाटलं की या घरात आपल्या बाजूचं एक माणूस आहे.

वाऱ्याचं तिनं खरंच शोधलं. आधी हूक मारून पत्रे वाशांना आवळायचं ठरलं. माऊलीनं गिरमिट लावलं तर बाभळीच्या वाशातून पिठासारखा भुसा गळला. आतून वाळवीनं पोखरून नुसतं साल ठेवलं होतं. हूक धरेनात. नवे वासे घालायचे तर घर उकलावं लागलं असतं, आणि घरकुलाच्या यादीत नाव होतं, पुढच्या वर्षी, कदाचित त्याच्या पुढच्या. मग कोमल म्हणाली, "दगडाच्या जागी पोती ठेवू. मातीनं अर्धी भरलेली. वजन तेवढंच, पण पडलंच तर पोतं फुटेल, पसरेल. दगडासारखं कवटीवर येणार नाही."

खताची रिकामी पोती घरात ढिगानं होती. माऊलीनं शेतातून काळी माती आणली. कोमलनं आणि भिकाबाईनं घमेल्यानं भरली, सुतळीनं तोंडं शिवली. अठ्ठावीस पोती वर गेली. येणारा-जाणारा थांबून बघे.

"काय माऊली, पत्र्यावर पेरनी का औंदा?"

"व्हय. घरातल्या घरात कापनी करतो."

जात्याची तळी खाली आली तेव्हा ती उचलायला दोघं लागले. उतरवलेले दगड उकिरड्याजवळ रचून ठेवले. त्या दिवशी दुपारी कोमल पाळण्याशेजारी आडवी झाली आणि दोन तास अशी झोपली की ईश्वरी रडून रडून भिकाबाईच्या कडेवर गेली तरी तिला कळलं नाही.

एप्रिल गेला. मे लागला. गुडगुड आठवड्यातून एकदा-दोनदा येई. कोमल आता वर बघत नव्हती. तिचं सगळं लक्ष भिंतींवर होतं. मार्चच्या धक्क्यानं मधल्या खोलीच्या भिंतीला दोन भेगा पडल्या होत्या. त्यांच्यावर तिनं खळीनं कागदाच्या पट्ट्या आडव्या चिकटवल्या. भेग वाढली तर पट्टी फाटेल. रोज सकाळी उठल्या उठल्या ती आधी पट्ट्या बघे, मग लेकराचं तोंड.

पट्ट्या फाटत नव्हत्या. पण मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून पाळण्यातल्या दुपट्यावर बारीक माती दिसू लागली. आधी चिमूटभर, मग बोटानं रेघ ओढावी एवढी. ईश्वरीच्या केसांत, कानाच्या पाळीमागं. भिंत सुटत चालली, कोमलनं ठरवून टाकलं. वरून दिसत नाही पण आतला सांधा ढिला होतोय, प्रत्येक गुडगुडीला थोडा थोडा. तिनं पाळणा आणखी हातभर सरकवला. माती तिथंही आली. तिनं भिंतीला वरपासून खालपर्यंत हात लावून बघितला, कान लावून बघितला, आणखी चार पट्ट्या चिकटवल्या. दुपटं दिवसातून तीनदा झटकू लागली. ज्या गोष्टीची भीती बाळगायची ती तिनं इतकी पक्की ठरवली होती की दुसरीकडं मान वळवायचं तिला सुचलं नाही.

मे महिन्याच्या शेवटी, दुपारी चारच्या सुमाराला पश्चिमेकडं आभाळ तांबूस झालं. माऊली सेनगावला बियाण्याची चौकशी करायला गेलेला. शालूबाई अंगणातल्या कुरडया गोळा करत होती. वारा आला तो धुळीची भिंत घेऊनच. लिंबाच्या फांद्या जमिनीला टेकल्या. कोमल आत होती. वर पत्रा एकदा फडफडला. मग दुसरा. मग तिच्या डोळ्यांदेखत खिडकीसमोरून खताचं एक पोतं वाळत घातलेल्या सदऱ्यासारखं तरंगत खाली गेलं. रिकामं.

तिला कळलं की ते रिकामं आहे. का, ते कळायला वेळ नव्हता. डोक्यावर धाडधाड आवाज होत होता, भिंती थरथरत होत्या, वरून माती पडत होती, आणि डोकं चालत नव्हतं. पाय चालले. पाळण्यातून लेकीला उचललं. उंबरा. ओसरी. तीन पायऱ्या. अंगणाच्या मधोमध जाऊन ती उभी राहिली, दोन महिने जिथं उभी राहत आली होती तिथं. ईश्वरी खिदळली.

"कोमल! आत! गोठ्यात घूस!" व्यंकटराव गोठ्याच्या दारातून ओरडत होते. गोठ्याला गवताचं छप्पर, ते बसकं, खांबांना घट्ट बांधलेलं.

तिनं ऐकलं आणि वळून घराकडं बघितलं. मधल्या खोलीवरचा पत्रा एका बाजूनं उचलला होता. दाराचं एक कवाड उघडावं तसा तो हळूच उघडला, उभा राहिला, आणि सुटला. तो तिच्याच दिशेनं आला, आडवा, फिरत. तिनं लेकरावर अंग झाकून पाठ केली. पाठीवर काही आलं नाही. एक आवाज झाला, ओल्या लाकडात कुऱ्हाड बसते तसा, आणि सासऱ्यांचं अंग तिच्या अंगावर आदळलं. व्यंकटरावांनी पुढं होऊन उजव्या हातानं पत्रा अडवला होता.

वारं पंधरा मिनिटांत निघून गेलं. पाऊस चार थेंब. गावातली बाकीची घरं होती तशी होती, डोक्यावर दगड घेऊन. फक्त त्यांच्या घराचे सात पत्रे गावभर पांगले होते.

व्यंकटरावांना आधी हिंगोलीला आणि तिथून नांदेडला नेलं. मनगटाच्या वर, आतल्या बाजूनं, जखम हाडापर्यंत. डॉक्टरनं शिरा जोडल्या, पण म्हणाला, तीन बोटं वळतील याची आशा धरू नका. विळा धरायचा तो हात. कासरा धरायचा.

माऊलीनं दुसऱ्या दिवशी पत्रे गोळा करताना एक पोतं उचललं. ते त्याच्या बोटांत पापडासारखं चुरगळलं. दोन महिन्यांच्या उन्हानं, खालून तापलेल्या पत्र्यानं, प्लॅस्टिकचा धागा न् धागा जाळून ठेवला होता. माती तापून कोरडी, मैद्यासारखी झालेली, भोकाभोकांतून गळत गळत खिळ्यांच्या भोकातून, पत्र्यांच्या सांध्यातून निघून गेली होती.

"कवापासून गळत असंल?" तो स्वतःशीच म्हणाला.

कोमल दारात उभी होती. "पंधरा-वीस दिवस झाले," ती म्हणाली. "दुपट्यावर पडायची. मला वाटलं भिंतीची."

शालूबाई जमिनीवर बसून दवाखान्यात न्यायचा डबा भरत होती. तिनं मान वर केली.

"भिंतीची? काळी माती?" तिचा आवाज चढला नव्हता. त्यात राग असता तर कोमलला बरं वाटलं असतं. "अगं, भिंत पांढरीची असती, पोरी. घरं पांढऱ्या मातीत बांधत्यात. काळी कुठं भिंतीत घालत्यात? उन्हाळ्यात भेगाळती ती. माझे डोळे अधू झाले म्हून मला दिसलं न्हाई. तुला तर दिसत हुतं ना?"

हिंगोलीत वाढलेल्या, सिमेंटच्या घरात जन्मलेल्या कोमलला हे कोणी सांगितलं नव्हतं. सांगायची गोष्टच नव्हती ती. गावातलं चार वर्षांचं पोरगंसुद्धा ते दुपटं बघून म्हणालं असतं, वरून गळतंय.

व्यंकटराव आठ दिवसांनी परत आले. हात गळ्यात बांधलेला, बोटांची टोकं निळसर, मेणासारखी. त्यांनी कोणाला काही विचारलं नाही. अंगणात उभं राहून घराकडं बघितलं. माऊलीनं पोचे आलेले पत्रे ठोकून ठोकून परत चढवले होते, वर विटांचे तुकडे, नांगराचा मोडका फाळ, जे हाताला आलं ते ठेवलं होतं. मृग तोंडावर आला होता.

"दगड चढव," ते माऊलीला म्हणाले.

माऊलीनं कोमलकडं बघितलं. शालूबाईनं बघितलं. कुडावरून भिकाबाईनंही बघितलं, आणि त्या दिवशी तिला विनोद सुचला नाही.

कोमलनं पदर खोचला आणि उकिरड्याकडं गेली. लेकरू सासूच्या मांडीवर होतं. कोणी तिला सांगितलं नव्हतं. पण माऊली वर, शिडीवर देणारं माणूस हवं, आणि सासऱ्यांचा हात गेलेला. तिनं पहिला दगड उचलला. दोन महिन्यांत त्याच्याखाली गोमांचं बिऱ्हाड झालं होतं. दगड छातीशी धरून ती शिडीच्या चार पायऱ्या चढली, वर दिला, उतरली. दुसरा. तिसरा. मधल्या खोलीवरचे देताना तिनं त्यातल्या त्यात बारके निवडले.

"बारकं नगं," माऊली वरून हळू आवाजात म्हणाला. "बारकं उडतं."

तिनं बारका खाली ठेवला आणि मोठा घेतला.

विसेक झाल्यावर ती दम खायला ओसरीच्या पायरीवर टेकली. व्यंकटराव तिथंच बसले होते, चांगल्या हातानं निकामी हाताची बोटं एकेक करून उघडत, मिटत. डॉक्टरनं सांगितलेला व्यायाम. बोटं सोडली की परत तशीच पडत.

"मामा," ती म्हणाली. गेले आठ दिवस जे वाक्य ती मनात जुळवत होती ते तिला एकदम आठवेना. "मी नसतं सांगितलं तर तुमचा हात..."

"हाताचं काय. दुसरा हाय."

जमिनीखालून गुडगुड आली. बारीक. वरच्या दगडाचा पत्र्याशी एक बारका खुळखुळाट झाला आणि थांबला. वर माऊली दोन्ही हात टेकून बसला. मग उठला.

"मी चुकले," कोमल म्हणाली. "तरी मला अजून वाटतं की दगड वर नकोत. तुम्हाला पण तसंच वाटलं होतं ना? तुम्ही तर किल्लारी बघितलीय."

व्यंकटरावांनी बोटं उघडायचं थांबवलं.

"तिथं म्या सात दिस उपसत हुतो," ते म्हणाले. "वरची माती निघायची. लाकडं निघायची. आन मग खाली, मानसाच्या अंगावर, भिंतीतले दगड असायचे. हे असे, दोन दोन हातांचे. भिंती बाहेर पडत न्हाईत, पोरी, आत पडत्यात. चारी बाजूनं. ज्याला म्हून काढला त्याच्यावर भिंतच हुती." त्यांनी मान किंचित मागं करून दाखवली, दीड हात जाड, पांढऱ्या मातीची, कागदाच्या पट्ट्या लावलेली भिंत होती तिकडं. "पत्र्यावरचे दगड काढून काय हुनार हुतं?"

कोमलला वाटलं आपण हे शिकलो होतो. पुस्तकात होतं. आडवी हलवणारी लहर, सांधा न धरणारी माती, जाड भिंत. परीक्षेत तिनं ते लिहिलंही असेल. पण भिंत काढता येत नाही. दगड काढता येतात. म्हणून तिनं दगड मोजले होते.

"मग तुम्ही काहून चढलात शिडीवर?" तिच्या तोंडून सासरचं 'काहून' गेलं.

"तू झोपत नव्हतीस," व्यंकटराव म्हणाले. "लेकराला दूध येईना तुझं. म्हनलं, झोपंल तरी पोरगी."

एवढं बोलून ते पुन्हा बोटं उघडू लागले. आत ईश्वरी जागी होऊन कुरकुरत होती, आणि शालूबाई तिला घेऊन मधल्या खोलीत गेली. पाळण्याच्या दोऱ्या करकरू लागल्या.

"कोमल," माऊली वरून म्हणाला, "अंधार पडंल. दे ना."

ती उठली. उकिरड्याजवळ आता आणखी विसेक उरले होते आणि जात्याची तळी. तळी एकटीला उचलणार नव्हती. तिनं भिकाबाईला हाक मारली. दोघींनी मधल्या भोकात दांडा घातला, खांद्याला लावला आणि शिडीपर्यंत आणला. माऊलीनं वरून दोर सोडला. दगड भिंतीला घासत, पांढऱ्या मातीचा धूर उडवत वर गेला.

"कुठं ठिवू?" माऊलीनं विचारलं.

पाळणा परत पहिल्या जागी आला होता, घरात त्याला दुसरी जागा नव्हती, आणि पत्रा तिथंच सर्वांत ढिला होता.

"होता तिथंच," कोमल म्हणाली.